नसांच्या आजारात अँटीबॉडीचा रिपोर्ट कितपत धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठ महिन्यांपासून दोन्ही तळपायांत जळजळ आणि मुंग्या आहेत, ताकद मात्र शाबूत आहे. गँग्लिओसाइड (नसांवरची स्निग्ध द्रव्यं) यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडीचं पॅनल केलं, त्यात जीएम१ आयजीएम (आयजीएम ही अँटीबॉडीची एक जात) 'वीकली पॉझिटिव्ह', म्हणजे किंचित पॉझिटिव्ह, आलं. एका डॉक्टरांनी आयव्हीआयजी (शिरेतून दिलं जाणारं अँटीबॉडींचं औषध) सुचवलं, दुसऱ्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवायला सांगितला. घरातच उलटा अनुभवही आहे. वहिनींची पापणी पडते, संध्याकाळी एकाचे दोन दिसतात. त्यांची अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टर अँटीबॉडी निगेटिव्ह आली, तरी त्यांचे डॉक्टर मायस्थेनियाच (स्नायू लवकर दमवणारा, नस आणि स्नायूच्या जोडावरचा आजार) म्हणतात. मग या तपासण्या अचूक आहेत की नाहीत?

तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मला रिपोर्ट बाजूला ठेवा म्हणणाऱ्या डॉक्टरांचं पटतं, आणि निगेटिव्ह रिपोर्ट हातात असूनही मायस्थेनिया म्हणणाऱ्या डॉक्टरांचंही. यात विसंगती नाही. अँटीबॉडीच्या तपासणीची अचूकता लॅबमध्ये अर्धीच ठरते. उरलेली अर्धी रक्त काढण्याआधी ठरलेली असते: तपासणी कोणत्या संशयावरून मागवली, आणि तो संशय किती दाट होता यावर.

आकडे मांडूनच बघू. समजा एक तपासणी आहे. आजार असलेल्या १०० जणांपैकी ८० जणांत ती पॉझिटिव्ह येते, आणि आजार नसलेल्या १०० पैकी ९८ जणांत निगेटिव्ह येते. ऐकायला उत्तम तपासणी. आता पायांची जळजळ एवढीच तक्रार असलेल्या १००० जणांवर ती सरसकट केली. यांच्यात तो विशिष्ट आजार खरोखर असणारे ५ जण आहेत असं धरू. त्या पाचांपैकी चौघे पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या ९९५ जणांपैकी दोन टक्के, म्हणजे सुमारे २० जण, आजार नसताना पॉझिटिव्ह येतील. २४ पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी खरे चारच, सहातला एक.

आता तीच तपासणी दुसऱ्या १००० जणांवर करा. या सगळ्यांना अनुभवी डॉक्टरांनी नीट तपासलंय, नसांच्या विद्युत चाचण्या झाल्यात, आणि निम्म्यांना तो आजार आहे. इथे ४०० खरे पॉझिटिव्ह येतील आणि १० खोटे. ४१० पैकी ४००. पॉझिटिव्ह रिपोर्टवर डोळे मिटून विश्वास ठेवता येईल. पण याच गटातले निगेटिव्ह रिपोर्ट मोजा: ४९० खरे निगेटिव्ह, आणि आजार असूनही निसटलेले १००. म्हणजे निगेटिव्ह आलेल्या दर सहा जणांत एकाला आजार आहेच. पहिला गट तुमचा, दुसरा वहिनींचा. तपासणीत काडीचाही बदल न करता दोन्हीकडे रिपोर्टचा अर्थ फिरला.

पॅनलमध्ये ही अडचण आणखी वाढते. एका पट्टीवर वीस अँटीबॉडी असतील आणि प्रत्येकीत खोट्या पॉझिटिव्हची शक्यता फक्त दोन टक्के असेल, तरी पूर्ण निरोगी माणसाच्या रिपोर्टमध्ये वीसपैकी एखादी तरी उमटण्याची शक्यता जवळजवळ तेहतीस टक्के होते (चाचण्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरून). 'सगळंच एकदा बघून घेऊ' या विचाराने मागवलेलं पॅनल म्हणूनच धोक्याचं. त्यातून बऱ्याचदा काहीतरी निघतंच, आणि मग त्या 'काहीतरी'च्या मागे महिनोन्महिने जातात. लोक यात किती होरपळतात हे मी रोज बघतो, म्हणून इतक्या कळकळीने लिहितोय.

आता तुमच्या जीएम१ कडे वळू. जीएम१ हे चेतातंतूंच्या आवरणातलं साखर जोडलेलं स्निग्ध द्रव्य आहे. त्याविरुद्धची आयजीएम अँटीबॉडी ज्या आजाराशी जोडली गेली आहे त्याचं नाव मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी. या आजारात एका हाताची पकड हळूहळू कमी होते, मनगट किंवा बोटं पडतात, दोन्ही बाजू सारख्या नसतात, आणि विशेष म्हणजे संवेदना शाबूत राहते. जळजळ नाही, मुंग्या नाहीत. नर्व्ह कंडक्शनमध्ये मोटर नसेत ठरावीक जागी विद्युत संदेश अडतो, त्याला कंडक्शन ब्लॉक म्हणतात. या आजाराच्या साधारण निम्म्या रुग्णांतच जीएम१ आयजीएम सापडते. म्हणजे ज्यांना आजार आहे त्यांच्यातही निम्म्यांची तपासणी निगेटिव्ह. तुमचं चित्र याच्या बरोबर उलटं आहे: दोन्ही पाय सारखे, फक्त संवेदनेच्या तक्रारी, ताकद पूर्ण. अशा ठिकाणी कमी प्रमाणातली जीएम१ आयजीएम सापडली तर तिचा आजाराशी संबंध लावता येत नाही. ती इतर न्यूरोपॅथीत सापडते, मोटर न्यूरॉनच्या (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या) आजारात सापडते, आणि काही निरोगी माणसांतही सापडते.

हीच तपासणी योग्य जागी मात्र फार मोलाची ठरते. एखाद्याचा हात वर्षभरात बारीक होत चालला आहे, घरच्यांना मोटर न्यूरॉन आजाराची धास्ती आहे, ईएमजीवरून (स्नायूंच्या विद्युत तपासणीवरून) नक्की सांगता येत नाही, आणि जीएम१ आयजीएम जोरदार पॉझिटिव्ह येते. तिथे हा रिपोर्ट डॉक्टरांना कंडक्शन ब्लॉक पुन्हा, अधिक वरच्या भागापर्यंत शोधायला लावतो आणि आयव्हीआयजी देऊन बघायला भक्कम कारण देतो. या आजारात आयव्हीआयजीने पकड परत येते. स्टेरॉइडने उलट बिघडू शकते. त्या माणसाचं पुढचं आयुष्य या एका रिपोर्टमुळे बदलू शकतं. म्हणून 'अँटीबॉडीच्या तपासण्या बेभरवशाच्या' असं कुणी म्हटलं तर मला ते मान्य नाही.

'वीकली पॉझिटिव्ह' कसं ठरतं हेही सांगतो, कारण रिपोर्टच्या छापील अक्षरांत ते कुठेच दिसत नाही. पट्टीच्या पद्धतीत एका अरुंद पातळ कागदासारख्या पटलावर प्रत्येक घटकाची एकेक रेघ लावलेली असते. त्यावर रुग्णाचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पाण्यासारखा भाग) ओततात, धुतात, मग मानवी अँटीबॉडीला चिकटणारं रंग देणारं द्रव्य ओततात. जिथे काही चिकटलंय तिथे रेघ गडद होते. ती किती गडद हे यंत्र किंवा तंत्रज्ञ ठरवतो. तुमची रेघ फिकट उमटली आणि ठरवलेल्या सीमेच्या जरा वर गेली. पट्टी थोडी कमी धुतली गेली, सीरममध्ये एकूणच आयजीएम जास्त असलं, तर तीच रेघ सीमेच्या या बाजूला किंवा त्या बाजूला जाऊ शकते. गँग्लिओसाइडच्या बाबतीत लॅब बदलली की निकाल बदलतो हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

सेल-बेस्ड पद्धत याहून बरीच वेगळी. तिथे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना हवं ते प्रथिन त्यांच्या पृष्ठभागावर तयार करायला लावतात. प्रथिन शरीरात जसं घडी घातलेलं असतं तसंच तिथे राहतं. मग सीरम, मग चमकणारा रंग, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा जाणकार. पेशीच्या कडेभोवती हिरवी झळाळी दिसली आणि प्रथिन नसलेल्या शेजारच्या पेशी काळ्या राहिल्या, तर ते खरं बंधन. प्रथिनाचा आकार महत्त्वाचा असलेल्या आजारांत, उदाहरणार्थ अ‍ॅक्वापोरिन-४ किंवा मॉग अँटीबॉडीच्या दृष्टिचेतेच्या आजारांत, हीच पद्धत धरायची. अ‍ॅक्वापोरिन-४ साठी तिची विशिष्टता ९९ टक्क्यांच्या वर आहे; त्याच अँटीबॉडीच्या एलायझात (रंगाच्या गडदपणावरून अँटीबॉडी मोजायच्या पद्धतीत) मात्र कमी आकड्यांचे खोटे पॉझिटिव्ह निघतात. त्यामुळे एकाच अँटीबॉडीचे दोन रिपोर्ट ताडून बघताना नावाखालची पद्धत आधी वाचा.

चांगल्या पद्धतीलाही संदर्भ लागतोच. मेयो क्लिनिकची २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देतो. तिथे मॉग अँटीबॉडीसाठी तपासलेल्या रुग्णांतले पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन त्या रुग्णांना शेवटी खरोखर तो आजार निघाला का हे पाहिलं. एकूण पॉझिटिव्हपैकी ७२ टक्के खरे निघाले. टायटरप्रमाणे (सीरम किती पट पातळ केलं तरी अँटीबॉडी दिसते त्या आकड्याप्रमाणे) विभागल्यावर चित्र उघड झालं: १:१००० किंवा त्याहून जास्त असलेले सगळे खरे, १:१०० वाले ८२ टक्के खरे, आणि १:२० किंवा १:४० वाले फक्त ५१ टक्के खरे. ही जगातल्या नावाजलेल्या लॅबची, जिवंत पेशींवरची तपासणी होती हे लक्षात घ्या. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी हे मान्य करून टाकलं: टायटर कमी असेल तर आजाराला साजेशी एमआरआय किंवा तपासणीतली चिन्हं सोबत असल्याशिवाय मॉगचा आजार म्हणायचं नाही.

याच धड्याची जुनी आवृत्ती म्हणजे व्हीजीकेसी. पोटॅशियम चॅनेलच्या समूहाविरुद्धची ही अँटीबॉडी बरीच वर्षं मोजली जायची. मेंदूचा दाह, सतत फडफडणारे स्नायू, दुखऱ्या नसा, कशातही पॉझिटिव्ह आली की ऑटोइम्यून म्हणायचं आणि उपचार करायचे. २०१० मध्ये कळलं की खरं लक्ष्य चॅनेल नाहीच, त्याला चिकटलेली एलजीआय१ आणि कॅस्पर२ ही दोन प्रथिनं आहेत. मग ज्यांची व्हीजीकेसी पॉझिटिव्ह पण ही दोन्ही निगेटिव्ह, असे रुग्ण पुन्हा तपासले, तेव्हा त्यांच्यात कोणताही एक समान आजार सापडला नाही. आज ती जुनी तपासणी मागवूच नये. कुणाच्या फायलीत अजून ती असेल तर एलजीआय१ आणि कॅस्पर२ थेट करून घ्यावीत.

तुमच्या जळजळीशी जवळचा एक विषय इथेच हातावेगळा करतो, कारण पुढे कुणीतरी तुम्हाला तो सुचवेलच. बारीक तंतूंच्या न्यूरोपॅथीत टीएस-एचडीएस आणि एफजीएफआर३ नावाच्या दोन अँटीबॉडी तपासल्या जातात. त्या पॉझिटिव्ह असलेल्यांना आयव्हीआयजी देऊन केलेली दुहेरी अंध चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती लहान होती, पण तीत आयव्हीआयजी नुसत्या द्रावणापेक्षा सरस ठरलं नाही. त्याआधी २०२१ मध्ये, कारण न सापडलेल्या बारीक तंतूंच्या न्यूरोपॅथीच्या ६० रुग्णांवर झालेल्या चाचणीतही वेदनेवर आयव्हीआयजीचा फायदा दिसला नाही. तुमच्या लक्षणांसाठी, तुमच्या रिपोर्टवर आयव्हीआयजी घेऊ नका असं मी म्हणतो ते यामुळे. हे औषध हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून बनतं. त्याने डोकं प्रचंड दुखू शकतं, मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते, मूत्रपिंडावर ताण येतो, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. जिथे गरज आहे तिथे हे धोके पत्करायलाच हवेत. फिकट रेघेसाठी नकोत.

मग तुमची जळजळ कशाची? ती खरी आहे, आणि रिपोर्ट बाजूला ठेवणं म्हणजे तुमची तक्रार बाजूला ठेवणं नव्हे. घोट्याचे रिफ्लेक्स, अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्कची कंपनं आणि टाचणीची टोच या तीन गोष्टी कुणी तपासल्या का, हे आधी आठवा. रिफ्लेक्स आणि कंपन ठीक असून टोच बोथट किंवा नको इतकी तीव्र लागत असेल तर बारीक तंतूंचा संशय घ्यायचा. अशा वेळी नर्व्ह कंडक्शन नॉर्मल येतं, कारण ते फक्त जाड तंतू मोजतं. त्या नॉर्मल रिपोर्टवरून 'मनाचं आहे' असा शेरा कुणी मारला असेल तर तो मनावर घेऊ नका. घोट्याच्या साधारण १० सेंटिमीटर वर त्वचेचा ३ मिलिमीटरचा गोल तुकडा घेऊन त्यातले तंतू मोजता येतात. रक्तात एचबीए१सी, आणि ती काठावर असेल तर ग्लुकोज टॉलरन्स, बी१२, थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, सीरम इम्युनोफिक्सेशन. बी६ च्या गोळ्या बराच काळ चालू असतील तर त्याही सांगा, कारण जास्त बी६ ने स्वतःच नसा खराब होतात. मद्य आणि कर्करोगाच्या औषधांचा इतिहासही. डोळे आणि तोंड कोरडं पडत असेल तर एसएसए अँटीबॉडी जरूर करा. तिथे मागे ठोस शंका असते, आणि शोग्रेनचा आजार बारीक तंतूंना धरतो.

तुमच्या डॉक्टरांना एक यादी मात्र मनात ठेवायला सांगेन, जिच्यात अँटीबॉडी निसटली तर नुकसान होतं. सीआयडीपी (नसांच्या आवरणाचा दीर्घकाळ चालणारा प्रतिकारशक्तीचा आजार) समजून आयव्हीआयजी दिलं, उपयोग झाला नाही, हातांना जाड कंप आहे, चाल झोकांड्या खाते, पाठीतल्या पाण्यात प्रथिन खूप वाढलंय: असा रुग्ण समोर असेल तर न्यूरोफॅसिन-१५५, कॉन्टॅक्टिन-१ आणि कॅस्पर१ या अँटीबॉडी मागवायलाच हव्यात. कॉन्टॅक्टिनवाल्यांपैकी काहींना लघवीतून प्रथिन जाणारा मूत्रपिंडाचा आजारही असतो, ते पायावरच्या सुजेवरून लक्षात येतं. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शिकेने या आजारांना सीआयडीपीतून बाहेर काढून ऑटोइम्यून नोडोपॅथी असं वेगळं नाव दिलं, त्याला कारण आहे. यांतल्या बऱ्याच अँटीबॉडी आयजीजी४ जातीच्या असतात, त्या कॉम्प्लिमेंट (रक्तातली हल्ला करणारी प्रथिनं) चालवत नाहीत, आणि आयव्हीआयजीने फारसं साधत नाही. रिटुक्सिमॅबने (बी पेशी कमी करणाऱ्या औषधाने) अनेकदा चालता येऊ लागतं. योग्य रुग्णात ही तपासणी निगेटिव्ह-पॉझिटिव्हच्या पलीकडे जाऊन औषधच ठरवते.

मॅग (नसांच्या आवरणातलं एक प्रथिन) अँटीबॉडीचंही तसंच. वयस्क माणूस, पायांचा अंदाज हळूहळू जातोय, अंधारात तोल जातो, रक्तात आयजीएम पॅराप्रोटीन (एकाच पेशीच्या वंशाने बनवलेली जादा अँटीबॉडी) आहे, नर्व्ह कंडक्शनमध्ये सर्वांत टोकाचा संदेश फार उशिरा पोचतो. इथे मॅग करा. त्याच मार्गदर्शिकेने ७००० बीटीयूच्या (या तपासणीचं एकक) वरची पातळी महत्त्वाची मानली आहे. खालचे आकडे सैल असतात आणि पॅराप्रोटीन नसताना तर त्यांना फारसा अर्थ नाही.

गिया-बारेचं (नसांवर प्रतिकारशक्तीचा अचानक हल्ला होणाऱ्या आजाराचं) वेगळंच. माणूस चार दिवसांत पायांतून वर जाणाऱ्या अशक्तपणाने आलाय, तिथे अँटीबॉडीच्या रिपोर्टची वाट बघणं हा गुन्हा आहे. श्वास मोजा, गिळणं बघा, उपचार सुरू करा. २०२३ च्या मार्गदर्शिकेनुसार या आजारात गँग्लिओसाइड अँटीबॉडी सरसकट करायचीच नाही. अपवाद मिलर फिशर प्रकाराचा: डोळे फिरत नाहीत, चाल झोकांड्या खाते, रिफ्लेक्स गेलेले. त्यात जीक्यू१बी बहुतेकांत सापडते आणि निदान शंकेत असेल तर खरंच मदत करते. तीही लवकर पाठवावी लागते, कारण काही आठवड्यांत तिची पातळी उतरते.

कर्करोगाशी जोडलेल्या अँटीबॉडींबद्दल एवढंच, कारण पट्टीवर त्याही असतात आणि 'हू' किंवा 'यो' फिकट पॉझिटिव्ह आल्यावर माणसं झोप हरवतात. खरी हू अँटीबॉडी फार गंभीर असते, तिला धरून फुप्फुसाचा शोध घ्यावाच लागतो. पण पट्टीवरची एकटी फिकट रेघ दुसऱ्या पद्धतीने, मेंदूच्या ऊतीच्या कापावर तपासून पक्की झाल्याशिवाय कुणालाही कर्करोगाचं नाव सांगू नये. गॅड-६५ ही अशीच: टाइप १ मधुमेहात ती कमी प्रमाणात सापडतेच. ताठरपणाच्या आजारात ती कितीतरी पटींनी जास्त असते.

रक्त कधी काढलं यानेही रिपोर्ट फसवतो. आयव्हीआयजी घेतल्यावर काढलेल्या रक्तात दात्यांच्या अँटीबॉडी असतात. गॅड, थायरॉइड, एएनए असल्या गोष्टी त्यातून उसन्या पॉझिटिव्ह येतात. प्लाझ्मा एक्स्चेंजनंतर (रुग्णाचा रक्तद्रव काढून बदलल्यावर) उलट, असलेली अँटीबॉडी धुतली गेलेली असते. म्हणून उपचार सुरू करण्याआधी एक नळी सीरम काढून गोठवून ठेवायला सांगा. नंतर नेमका संशय आला तर तीच नळी कामाला येते. शक्यतो एवढी एकच गोष्ट वॉर्डात रोज पाळली जावी असं मला फार वाटतं.

आता वहिनी. १९७३ मध्ये पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी विद्युत ईलमधलं अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टर सशांना टोचलं आणि ससे मायस्थेनियासारखे गळून गेले. तीन वर्षांत रुग्णांच्या रक्तात ती अँटीबॉडी मोजायची पद्धत आली. न्यूरॉलॉजीतल्या सर्वांत भरवशाच्या रक्ततपासण्यांत ती आजही मोडते, कारण साजेशा लक्षणांत ती पॉझिटिव्ह आली की निदान जवळजवळ पक्कंच. पण निगेटिव्हचं बळ तेवढं नाही. अंगभर पसरलेल्या मायस्थेनियात सुमारे ८५ टक्के जणांत ती सापडते. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर साधारण निम्म्याच जणांत. वहिनींचा आजार सध्या डोळ्यांपुरता दिसतोय. म्हणजे त्यांच्या बाबतीत निगेटिव्ह येणं जवळपास नाणं उडवण्याइतकंच अपेक्षित होतं.

त्यांच्या डॉक्टरांनी बहुधा डोळ्यांनी जे पाहिलं त्यावर निदान केलंय, आणि ते पाहण्यासारखंच असतं. रुग्णाला नजर वर धरून ठेवायला सांगतात. पहिले दहा-वीस सेकंद पापणी जागेवर असते, मग मिलिमीटर मिलिमीटरने खाली येऊ लागते, मिनिटाच्या आसपास बुबुळ झाकतं. डोळे मिटून थोडा आराम दिला की ती पुन्हा वर. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फाची पिशवी ठेवून काढली की पापणी चटकन उचललेली दिसते. दमून पडणं आणि विश्रांतीने परतणं हीच या आजाराची खूण. पुढचा पुरावा म्हणून रिपिटिटिव्ह नर्व्ह स्टिम्युलेशन (नसेला पुन्हा पुन्हा झटके देऊन स्नायू दमतो का ते बघणं), आणि ते नॉर्मल आलं तर सिंगल फायबर ईएमजी (स्नायूच्या एकेका तंतूची विद्युत तपासणी). डोळ्यांच्या आजारात शेवटची ही सर्वांत संवेदनशील. अनुभवी हातांत ती फार थोड्या रुग्णांना चुकवते. मात्र ती इतर आजारांतही बिघडू शकते, म्हणून तिचाही अर्थ तपासणीच्या चौकटीतच लावायचा.

रक्तात अजून करण्यासारखं आहे ते असं. मस्क अँटीबॉडी, २००१ मध्ये सापडलेली. बोलणं नाकातून येणं, गिळताना अडकणं, मान न धरणं अशी लक्षणं असतील तर ती आधी करा. तिच्यात उपचार वेगळे आहेत: मायस्थेनियाच्या नेहमीच्या पायरिडोस्टिग्मिन या गोळीने फायदा कमी, कधी त्रास जास्त, आणि रिटुक्सिमॅबचा गुण चांगला. नुसत्या डोळ्यांच्या आजारात मस्क क्वचितच सापडते, त्यामुळे वहिनींना ती निगेटिव्ह आली तर धक्का बसू नये. एलआरपी४ तिसरी, तिचं वजन अजून कमी धरावं. आधीची तपासणी एलायझाने झाली असेल तर जिवंत पेशींच्या पद्धतीने पुन्हा करून बघण्यात अर्थ आहे. पेशीवर दाटीने बसलेल्या रिसेप्टरना चिकटणाऱ्या काही अँटीबॉडी जुन्या पद्धतींत सुटतात. आणि सहा ते बारा महिन्यांनी एकदा फेरतपासणी, कारण सुरुवातीला निगेटिव्ह असलेल्या काहींची नंतर पॉझिटिव्ह होते. पॉझिटिव्ह झाली तर छातीचा सीटी करून थायमस (छातीतली एक ग्रंथी) बघायचा. थायमसची गाठ असलेल्या मायस्थेनियात ही अँटीबॉडी जवळजवळ नेहमीच असते.

पॉझिटिव्ह आली तर मात्र दर दोन महिन्यांनी टायटर करत बसू नका. एकाचा आकडा मोठा आणि आजार किरकोळ, दुसऱ्याचा आकडा छोटा आणि तो व्हेंटिलेटरवर, असं सर्रास दिसतं. पायऱ्या चढता येतात का, जेवताना जबडा दमतो का, संध्याकाळी वाचता येतं का, यावर डोस ठरतो.

दोन्ही रिपोर्ट घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा: पद्धत कोणती, नेमका आकडा किंवा टायटर किती, लॅबची सीमा किती, रक्त कोणत्या उपचाराआधी किंवा नंतर काढलं, आणि ही अँटीबॉडी पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह आली तर उपचारात काय बदलणार होतं. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती तपासणी न करणंच बरं. तुमची जीएम१ पुन्हा करायची झालीच तर वेगळ्या पद्धतीने, आकडा देणाऱ्या लॅबमध्ये करा. पण हातात अशक्तपणा नसताना माझा तरी ती करण्याचा आग्रह नाही. पाय लटका पडायला लागला, बोटांची पकड सुटायला लागली, चालताना जमीन कळेनाशी झाली, तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

आणि वहिनींसाठी, रिपोर्ट काहीही असो: बोलताना आवाज नाकात जाऊ लागला, पाणी नाकातून आलं, आडवं झाल्यावर दम लागला, एका श्वासात वीसपर्यंत मोजता येईना, तर त्याच रात्री अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी न्या. जेंटामायसिनसारखी अमिनोग्लायकोसाइड, सिप्रोफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स आणि शिरेतून दिलं जाणारं मॅग्नेशियम मायस्थेनिया बिघडवू शकतात. प्रत्येक नव्या डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानातही 'मायस्थेनियाचा संशय आहे' हे आधी सांगायचं, आणि तसं लिहिलेला कागद पर्समध्ये ठेवायचा.